रॅम खरंच खराब आहे की दुकानदार अंदाजाने बोलतोय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नातून जे कळलं ते असं: दोन वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या), अधूनमधून निळी स्क्रीन, दरवेळी वेगळाच मेसेज, आणि मोठी झिप फाइल उघडताना मध्येच ‘फाइल खराब आहे’. दुकानदाराने दोनदा विंडोज टाकून दिलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, रॅम गेलीय, नवी घ्या.

त्याचा अंदाज बरोबर असू शकतो. ‘दरवेळी वेगळा मेसेज’ हीच मला मोठी खूण वाटते. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर तक्रार बहुतेक वेळा त्याच त्याच नावाने येते. रॅममध्ये दोष असला की त्या क्षणी त्या जागेत जो बसला असेल तो पडतो: आज ब्राउझर, उद्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर, परवा खुद्द विंडोज. झिपचंही तेच. तिच्यात प्रत्येक फाइलचा पडताळणीचा आकडा साठवलेला असतो, त्यामुळे एक बिट जरी उलटला तरी ती लगेच बोंब मारते. तीच झिप कधी उघडते, कधी नाही, असं होत असेल तर मी डिस्कच्या आधी रॅमकडे बघेन.

पण स्टिक, तिचा स्लॉट, प्रोसेसरच्या पोटातला मेमरी कंट्रोलर, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) लावलेला वेग आणि सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस, या पाचांपैकी कोणीही हाच गोंधळ घालू शकतो. नवी रॅम घेऊनही निळी स्क्रीन तशीच राहिली, असं म्हणणारे लोक इथेच फसलेले असतात.

काहीही उघडण्याआधी एक सांगतो. जुना बॅकअप असेल तर त्याच्यावर नवा चढवू नका. सध्या तुमच्या मशीनमधून जे काही कॉपी होईल ते रॅममधूनच जाणार, आणि वाटेत बिघडलं तरी कॉपी करणारा काही सांगत नाही. माझी स्वतःची रॅम बिघडली होती त्या काळात कॅमेऱ्यातून उतरवलेले घरच्या लग्नाचे फोटो माझ्याकडे आहेत; त्यातले काही अर्ध्यावरून खाली नुसते राखाडी पट्टे आहेत. कार्ड तोवर पुसून झालं होतं. महत्त्वाचं काही घ्यायचंच असेल तर वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि तपासून बघेपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आता बायोस. तुमच्या स्टिकवर ३२०० लिहिलंय, म्हणजे बहुधा एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारी तयार सेटिंग, चालू आहे. अशा बऱ्याच स्टिकांवर छापलेला हा वेग प्रोफाइल लावल्यावरच मिळतो. प्रोफाइल काढलं की त्या २१३३, २४०० किंवा २६६६ वर येतात. डीडीआर४ चं ठरलेलं व्होल्टेज १.२ आहे आणि अशा प्रोफाइलमध्ये ते बहुतेक वेळा १.३५ केलेलं असतं. तर एक्सएमपी बंद करा आणि चार-सहा दिवस नेहमीचं काम करून बघा. निळी स्क्रीन थांबली तर स्टिक मेलेली नाही, तिला तो वेग झेपत नाही, किंवा तुमच्या प्रोसेसरला आणि मदरबोर्डाला झेपत नाही. दोन स्टिक वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपनीच्या घेतल्या असतील तर हा संशय आणखी पक्का. खरं सांगायचं तर खेळ आणि व्हिडिओ एडिटिंग सोडलं तर २६६६ वर चालवून तुम्हाला फरकही जाणवणार नाही.

तरीही पडत असेल तर चाचणी. स्टार्ट मेनूत ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधा, ते आधीपासूनच असतं. मशीन रीस्टार्ट होऊन निळ्या पडद्यावर चाचणी सुरू झाली की एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा. साधी चाचणी फार वरवरची आहे. मला हे साधन फारसं आवडत नाही. त्याने दोष दाखवला तर दोष आहे, पण ‘काही सापडलं नाही’ म्हटलं तर त्यावर विसंबू नये.

त्यापेक्षा मेमटेस्ट८६प्लस घ्या. फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकायचं आणि त्यावरून मशीन चालू करायचं. जुनी ५.०१ आवृत्ती यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असलेल्या नव्या बोर्डांवर चालत नसे. २०२२ पासूनच्या ६ च्या पुढच्या आवृत्त्या चालतात, म्हणून नवीच उतरवा. जवळपास त्याच नावाचं मेमटेस्ट८६ हे पासमार्क कंपनीचं वेगळं साधन आहे, तेही चांगलं. त्याची फुकट आवृत्ती एका वेळी चारच फेऱ्या करते. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन चालू होऊ न देणारी बायोसमधली सेटिंग) आडवं आलं तर तेवढ्यापुरतं बंद करावं लागेल. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याआधी ते उघडणारी ‘रिकव्हरी की’ कागदावर लिहून ठेवा, नाहीतर रॅम राहील बाजूला आणि तुम्ही स्वतःच्याच मशीनच्या दाराबाहेर उभे राहाल.

ही चाचणी करते काय, तर एक नमुना सगळ्या जागांवर लिहिते, परत वाचते आणि जुळवते. ८ जीबीच्या एका स्टिकमध्ये ६,८७१ कोटींहून जास्त बिट असतात आणि त्यातला एकही चुकायला नको. म्हणून वेळ लागतो. १६ जीबीची एक फेरी मशीनप्रमाणे तास-दीड तास घेऊ शकते. निदान चार फेऱ्या होऊ द्या. रात्रभर चालू ठेवलंत तर उत्तम.

रात्रभर म्हणालो खरं, पण इथेच मी आपटलो होतो. अकोल्यात असताना माझा पीसी दुपारीच पडायचा. मी रात्री, कॅबिनेटचं झाकण काढून, खोलीतला पंखा फुल्ल करून चाचणी लावली. चारही फेऱ्या स्वच्छ. दोन आठवडे मी ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागलो. शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी, झाकण बंद ठेवून तीच चाचणी लावली आणि तिसऱ्या फेरीत चुका दाखवणाऱ्या लाल ओळींची रांग लागली. कारण नंतर समजलं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते. चिप तापली की गळती वाढते. एखादी कमजोर जागा थंडीत तग धरते आणि उन्हात पुढची भरणी येईपर्यंत रिकामी होते. तेव्हा तुमचा पीसी ज्या वेळी, ज्या अवस्थेत पडतो, त्याच अवस्थेत चाचणी करा.

लाल ओळ एक आली तरी नापास. ‘एकच तर चूक आहे’ असली सूट इथे नाही. पण दोन्ही स्टिक लावलेल्या असताना चूक कोणत्या स्टिकची हे त्या ओळीत दिलेल्या पत्त्यावरून (रॅममधल्या जागेच्या आकड्यावरून) सरळ कळत नाही, कारण ड्युअल चॅनलमध्ये मजकूर दोन्हीवर वाटून ठेवला जातो. आता कॅबिनेट उघडावं लागेल. मशीन बंद, भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद, वायर काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा आणि मगच स्टिकला. स्टिकवर ‘क’ आणि ‘ख’ अशा चिकटपट्ट्या लावून घ्या. दुसऱ्या अदलाबदलीनंतर कोणती कुठली होती हे कोणालाच आठवत नाही.

चार स्लॉटचा बोर्ड असेल तर एकच स्टिक बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, ए२ मध्ये लावतात. पुस्तिकेत बघून खात्री करा. ‘क’ लावून चाचणी, मग त्याच स्लॉटमध्ये ‘ख’ लावून चाचणी. समजा ‘क’ नापास आणि ‘ख’ पास. आता ‘क’ दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. तिथेही नापास झाली तर दोष स्टिकबरोबर फिरतोय, म्हणजे स्टिक गेली. ती तिथे पास झाली, किंवा एका स्लॉटमध्ये दोघीही नापास होतात, तर स्टिकला दोष देऊ नका. तो स्लॉट फुंकरीने किंवा ब्लोअरने साफ करा, प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकलीय का आणि प्रोसेसरवरच्या कूलरचा एखादा स्क्रू जास्त आवळलाय का ते बघा. कूलरचा दाब तिरका पडून रॅमचं एखादं अख्खं चॅनल (प्रोसेसरपर्यंतची वाट) गायब होऊ शकतं, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर एक बोर्ड वाचला असता.

आणि कधी कधी नुसतं काढून घातल्यानेच चुका थांबतात. स्टिक नीट बसलेली नव्हती, एवढंच. क्लिप ‘टक’ वाजेपर्यंत दाबावी लागते, आणि काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते. खोडरबराने पिना घासायचा उपाय आपल्याकडे सगळेच करतात, मीही केलाय. पण त्या पिनांवरचा सोन्याचा थर अगदी पातळ असतो आणि रबराचा कचरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं.

दोन्ही स्टिक एकेकट्या पास आणि एकत्र नापास, असंही होतं. हा मात्र बहुधा वेगाचा, व्होल्टेजचा किंवा न जुळणाऱ्या जोडीचा मामला. पुन्हा एक्सएमपी बंद करा आणि बायोसची नवी आवृत्ती आलीय का बघा.

स्टिक खराबच निघाली तर लगेच नवी घेऊ नका, आधी बिल शोधा. रॅमवर लांब मुदतीची वॉरंटी असते, काही कंपन्या तर आयुष्यभराची देतात. जोडी म्हणून घेतली असेल तर बहुधा दोन्ही स्टिक मागतात, तेवढे दिवस मशीन बंद राहील याची तयारी ठेवा. जाताना नापास झालेल्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो न्या. स्टिक सुट्या घेतल्या असतील तर बदलून येईपर्यंत चांगल्या एका स्टिकवर, ८ जीबीवर, तुमचं काम चालेल, जरा रेंगाळत का होईना.

आणि हो, विंडोज दोनदा टाकलंय ते याच रॅममधून गेलंय. रॅमचा निकाल लागल्यावर तिसऱ्यांदा टाका, आणि ते मात्र स्वतः टाका.