मुलगा रात्रभर युद्धाचे व्हिडिओ बघतो, काय करू?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या इतक्या आयांनी हा प्रश्न विचारलाय की आता दारातूनच चेहरा बघून कळतं. कुणाचा मुलगा गाझाचे बघतो, कुणाचा बांगलादेशातल्या हिंसेचे. भीती एकच, पोरगं कुणाच्या नादी लागलं तर?

मुंब्र्याची एक आई, मूळची रत्नागिरीकडची. मुलगा 19 चा, डिप्लोमाला. "मॅडम, जेवत नाही हो, ताट पुढं आलं की उठतो. मोबाईल उशीखाली." मग हळूच, "ते कल्याणचे चौघं गेलेले ना..." मे 2014 मध्ये कल्याणची चार पोरं यात्रेकरूंसोबत इराकला गेली आणि तिथून आयसिसकडे, ते इकडच्या आया अजून विसरलेल्या नाहीत.

पहिले तीन सेशन तो गप्प, मीही व्हिडिओंबद्दल चकार शब्द काढला नाही (बरेच जण इथेच लेक्चर देऊन मोकळे होतात, मी नाही देत). चौथ्या वेळी विचारलं, ताट पुढं आलं की मनात काय येतं? बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसला. मग म्हणाला, "ती गाझाची पोरं रिकामी भांडी घेऊन रांगेत उभी असतात, आणि अम्मी मला विचारते, अजून एक तुकडी देऊ का."

मी राग शोधत बसले होते आणि समोर होती सुखात असल्याची लाज.

"हे कुणाशी बोललास?" त्याने एक अकाउंट दाखवलं. अनोळखी माणूस, रोज रात्री एक व्हिडिओ आणि खाली एकच ओळ, तू फक्त बघणार?

लांबचं युद्ध असंच घरात शिरतं. 1979 ला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तिथे ना घर ना नातं अशी अरब देशांतली पोरं पेशावरला पोचली, कारण तिथे बोलावणारं, राहायची सोय करणारं ऑफिस उघडलेलं. 1989 ला फौजा परत गेल्या, पण तोवर अल कायदा उभी राहिली होती आणि तिला पुढची लढाई हवीच होती. आणि हे एकाच धर्माचं नाही हां, 1985 चं एअर इंडियाचं कनिष्क विमान आठवा, जखम पंजाबातली, खलिस्तानवाद्यांचा बॉम्ब विमानात चढला कॅनडात, 329 माणसं गेली आयर्लंडजवळच्या समुद्रात.

मी विचारांवर काम करणारी बाई. "मला वाईट वाटतं" आणि "मी काहीतरी केलंच पाहिजे" यातला तो 'च' मी पकडते. त्याला कागदावर दोन्ही वाक्यं लिहायला लावली आणि विचारलं, यातला 'च' कुणी घातला? पेन तसंच हातात. "त्याने," म्हणाला. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असं उत्तर मोजक्या वेळा मिळतं, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होते.

तर आयांनो, मोबाईल हिसकावू नका, मग तो माणूसच तेवढा आपला वाटायला लागतो. शेजारी बसून एकदा बघा, रडला तर रडू द्या. काय बघतोस पेक्षा हे पाठवतं कोण ते विचारा. पण तो पाठवणारा दुसऱ्या ॲपवर ये, घरी सांगू नको, पासपोर्ट आहे का असं विचारायला लागला तर माझ्याकडे नंतर या, आधी पोलिसांकडे. घाबरू नका, आपल्या एटीएसने (पोलिसांचं दहशतवादविरोधी पथक) अशी कितीतरी पोरं आईबापांना सोबत घेऊन, समजावून परत आणलीयत.

ब्लॉक त्याने माझ्यासमोर नाही केलं, घरी जाऊन केलं. परवा आईचा फोन, "जेवतो आता, पण जेवताना बातम्या लावतो आणि अब्बांशी भांडतो."

म्हटलं, भांडू दे.