वाचकांचे प्रश्न : पंचाला मधेच बाहेर काढता येतं का?

प्रश्न : काका, मी 24 वर्षांचा आहे, मेडिकल स्टोअरमध्ये कामाला आहे आणि टेनिस बॉलच्या नाइट टूर्नामेंटमध्ये अंपायरिंग करतो. एका फायनलमध्ये मी रनआउट दिला. कॅप्टन आयोजकांकडे गेला आणि त्यांनी मला मधेच बाहेर बसवलं. मानधनही अर्धंच दिलं. बाकीचे पैसे मागू का? आणि बीसीसीआयच्या पंचांच्या पॅनलपर्यंत कसं जायचं?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : माग, पूर्ण माग. क्रिकेटच्या नियमावलीतला दुसरा नियम पंचांचाच आहे. सामन्याआधी दोन पंच नेमायचे, प्रत्येक टोकाला एक. कुणी जखमी झालं, आजारी पडलं किंवा तसंच अपवादात्मक कारण असलं, तरच पंच बदलायचा. कॅप्टन चिडला, हे काही त्यात बसत नाही. निर्णय आवडला नाही म्हणून पंच उठवला, तर त्याच्या जागी आलेला पोरगा कुणाच्या तोंडाकडे बघून बोट वर करेल? तुझ्या बुडालेल्या पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त येतो.

खरी गोम नेमणुकीत आहे. या स्पर्धांमध्ये आयोजकच बोलावतो, तोच पैसे देतो अन् बरेचदा त्याचीच टीम खेळत असते. म्हणून होकार देण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घे : मॅच किती, दर मॅचला किती, पाऊस आला तर काय, रात्री दोनला संपली तर घरी कोण सोडणार. सगळे पैसे फायनलच्या टॉसआधी हातात. आणि कॅप्टनकडून एक रुपयाही घेऊ नको. ‘जिंकलो की देतो’ म्हणणाऱ्याच्या तर जवळही जाऊ नको.

संघटनेच्या क्रिकेटमध्ये पंच आणि टीम यांच्यात अंतर आधीच राखलेलं असतं. व्हीसीएच्या, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या, गुझदर लीग या क्लबांच्या स्पर्धेत पंच असोसिएशन नेमते, क्लब नाही. रणजी स्पर्धेत तर जामठ्याच्या स्टेडियमवर विदर्भ खेळत असला, की पंच दुसऱ्या राज्यांतले येतात. आपले पंच बाहेर जातात.

तुझा रस्ताही तोच. आधी व्हीसीएची परीक्षा, मग स्थानिक लीग, वयोगटाच्या मॅचेस, अन् असोसिएशनकडून नाव गेलं की बीसीसीआयची परीक्षा. ती कठीण आहे. 2022 मध्ये अहमदाबादला महिला आणि ज्युनियर सामन्यांच्या पंचांसाठी परीक्षा झाली, तेव्हा 140 जण बसले आणि 3 पास झाले. पुढे पैसा चांगला आहे. बीसीसीआयच्या त्याच वर्षीच्या रचनेत पंचांच्या वरच्या श्रेणींना दिवसाला 40 हजार, खालच्यांना 30 हजार रुपये होते, आणि रणजीची लीग मॅच चार दिवसांची असते. पण हा पगार नाही. नेमणूक आली तर पैसे, आणि रणजीचा सीझन थंडीतला; उन्हाळाभर त्यातून काही येत नाही. तेव्हा मेडिकलची नोकरी सोडू नको.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. 2008 पासून पंचांचं मानधन व्यावसायिक फी म्हणून धरलं जातं, त्यामुळे रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला कर, कापला जातो. एकूण उत्पन्नावर कर लागत नसेल, तर रिटर्न भरून तो परत मिळतो. आपले कितीतरी पंच रिटर्न न भरता ते पैसे तसेच सोडून देतात. तू पॅन कार्ड तयार ठेव.