पर्यायांच्या यादीत पहिला क्रमांक कुणाचा?

पत्र थोडक्यात असं : माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला ९४.६० टक्के. आम्ही पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच घ्यायचं ठरवलंय. पहाटे पाचपासून अभ्यास, क्लास, टेस्ट सिरीज, सगळं लावून दिलंय. मोबाईल काढून घेतला, यंदा संक्रांतीच्या गड्डा जत्रेलाही नेलं नाही. एक जण ६० हजारांत तिचं ‘प्रोफाइल’ करून देतो म्हणतोय : समाजसेवेचं प्रमाणपत्र, इंटर्नशिप आणि तिच्या नावावर एक रिसर्च पेपर. त्याने चान्स वाढेल का? रविवारी कारखान्यात येऊन चादरीच्या नक्षीचे ग्राफ भरत बसते, तो टाइमपास कसा बंद करावा? हल्ली जेवताना काही बोलत नाही. अभ्यासाचं टेन्शन असेल.
– एक पालक, सोलापूर

सप्रेम नमस्कार,

तुमचा प्रश्न चान्स वाढवण्याचा आहे, पण मी अडकले ती पत्राच्या शेवटाशी. ती जेवताना बोलत नाही. ‘टेन्शन असेल’ एवढं लिहून तुम्ही पत्र संपवलंत. मला तिथून पुढे जाता येत नाहीये.

सोलापुरातल्या सोळा वर्षांच्या मुलीला तुम्ही संक्रांतीच्या दिवसांत घरात बसवून ठेवलंत. नंदीध्वज निघालेत, वर्गातल्या सगळ्या पोरी गड्ड्यावर पाळण्यात बसून ओरडताहेत, आणि ही खोलीत त्रिकोणमितीचं पुस्तक उघडून बसलीय. त्या संध्याकाळी तिची किती गणितं सुटली असतील? तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. लेकीसाठी तुम्ही जिवाचं रान करताय हे ओळीओळीत दिसतं. पण पत्रात सगळीकडे ‘आम्ही’ आहे. आम्ही ठरवलं, आम्ही लावून दिलं, आम्ही काढून घेतलं. तिचं स्वतःचं एक वाक्यसुद्धा नाही. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या घरांतही हेच होतं. प्रश्न मी मुलीला विचारते, उत्तर वडील देतात, आणि मुलगी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहते.

म्हणून आधी हे करा. पुढचे पंधरा दिवस ताटावर अभ्यास, मार्क, टेस्ट यांतला एकही शब्द काढू नका. तिची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कारण नसताना रडू येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, त्यात लाज कसली? टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि मोबाईल परत द्या. मैत्रिणींशी बोलायचं तिचं तेवढंच दार आहे.

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटी परीक्षेचं तुम्हाला क्लासवाल्यांनी सांगितलंच असेल : १५० प्रश्न, २०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही, अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बाकी बारावीचा. त्याला पहाटे पाचची गरज नसते, पुरेशी झोप झालेलं डोकं लागतं.

आता ते ६० हजार. अजून दिले नसतील तर देऊ नका, दिले असतील तर परत मागा. राज्याच्या कॅपमध्ये, म्हणजे सामाईक प्रवेशात, सीओईपी असो, मुंबईचं व्हीजेटीआय असो की सांगलीचं वालचंद, जागा गुणवत्ता क्रमांकावर मिळते. तिथे मुलाखत नाही, निबंध नाही, फाइल कुणी उघडत नाही. समाजसेवेच्या प्रमाणपत्राने पर्सेंटाइल एका दशांशानेही हलत नाही. ही ‘प्रोफाइल’ची कल्पना परदेशी विद्यापीठांच्या आणि आपल्याकडच्या काही मोजक्या खाजगी विद्यापीठांच्या प्रवेशातून आलीय. आणि तिथेसुद्धा मुलाने खरंच काय केलं हे विचारतात, विकत घेतलेला कागद पहिल्या दोन प्रश्नांत उघडा पडतो. न लिहिलेला रिसर्च पेपर तिच्या नावावर छापून आणणं ही तर सरळ लबाडी आहे, आणि ती तुम्ही तिला सोळाव्या वर्षी शिकवणार आहात. कागदच गोळा करायचे असतील तर खरे गोळा करा. राखीव प्रवर्गात येत असाल तर जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच टाका, नॉन-क्रिमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. चांगले पर्सेंटाइल असून वैधता प्रमाणपत्रासाठी ऐन जूनमध्ये धावाधाव करणारी घरं मी दरवर्षी बघते. शिवाय २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी मिळत नाही.

चान्स जिथे खरोखर हातचा जातो ती जागा म्हणजे पर्यायांचा फॉर्म, ज्यात हवी ती कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या असतात. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो घ्यायलाच लागायचा. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला मिळाला तरी तेच. तुमच्या वर्षीचे नियम माहितीपत्रकात वाचून घ्या, पण मुद्दा लक्षात येतोय ना? वर जे लिहाल ते गळ्यात पडू शकतं. हा फॉर्म एजंटकडून भरून घेऊ नका. तो तिच्या हाताने भरला गेला पाहिजे, आणि त्यासाठी तिला काय हवंय हे घरात कुणाला तरी माहीत असायला हवं.

ते तुम्हाला माहीत नाही. तरी तुमच्याच पत्रात त्याची एक खूण आहे, आणि तिला तुम्ही टाइमपास म्हणालात.

जॅकार्डचा, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचा, ग्राफ म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. कोणता चौकोन भरायचा, कोणता मोकळा ठेवायचा, पुठ्ठ्यावर भोक कुठे पडणार, त्या भोकाने कोणता ताणा उचलला जाणार, आणि त्यातून चादरीवर मोर उमटणार की नुसता गिचमिडा, हे सगळं ती चौकोनांच्या कागदावर आधीच बघत असते. एक चौकोन चुकला तर ती चूक चादरभर पुन्हा पुन्हा उमटते. भोक आहे किंवा नाही, या दोनच खुणांत सगळी नक्षी बसवायची. ज्या कॉम्प्युटरसाठी तुम्ही तिला खोलीत कोंडलंय, त्याची सुरुवातीची भोकं पाडलेली कार्डं या मागाच्या कार्डांवरूनच सुचली. अभ्यासातून सुटलेला तिचा एकमेव मोकळा वेळ ती यात घालवते, तेही कुणी सांगितलेलं नसताना.

पण आता घाई करू नका. हे वाचून उद्या तिला डिझाइनच्या क्लासला घालाल, टेक्स्टाइल इंजिनिअरिंग ठरवून टाकाल, आणि ‘आम्ही’ पुन्हा सुरू होईल. कदाचित तिला गणित आवडत असेल. कदाचित कॉम्प्युटरच हवं असेल. किंवा कारखान्यातला तो कोपरा एवढ्यासाठीच आवडत असेल, की तिथे तिला कुणी मार्क विचारत नाही. डिझाइन शिकवणारी एनआयडी आहे, आयआयटीच्या डिझाइनसाठी यूसीड ही परीक्षा आहे, व्हीजेटीआयला टेक्स्टाइल आहे, ही नावं तिच्या कानावर पडू द्या, बस्स. तिने विचारलं तर पुढचं मी सांगेन.

या रविवारी ती कारखान्यात आली की तिच्याशेजारी स्टूल ओढून बसा. ती कुठली नक्षी भरतेय ते विचारा आणि ऐका. दुरुस्ती सुचवू नका, कितीही सुचवावीशी वाटली तरी. आणि मला पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाकीट बंद करून तीच पोस्टात टाकेल. मी उत्तर तिच्या नावाने पाठवेन, ते तुम्ही उघडायचं नाही.