डिस्क भरली म्हणून पीएसटी काढायला लावू नका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: १८ जणांचं ऑफिस, स्वतःचा मेल सर्व्हर, पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (मेल साठवून वाचायला देणारं), मेल मेलडिर पद्धतीने साठवलेले, ५०० जीबीची डिस्क आणि ती ९४ टक्के भरलेली. साहेब म्हणतात, प्रत्येकाने दोन वर्षांपूर्वीच्या मेलची पीएसटी (आउटलुकची मेल साठवायची फाइल) आपापल्या लॅपटॉपवर काढून घ्यावी आणि सर्व्हरवरून ते उडवावेत. तुम्ही म्हणता, १ टीबीची डिस्क टाकून मोकळं व्हावं.

साहेब चुकतायत आणि तुमचं अर्धंच बरोबर आहे. डिस्क लागणार आहेच. पण काय कुठे साचतंय हे न बघता नुसती मोठी डिस्क टाकलीत, तर काही वर्षांनी हाच प्रश्न दुप्पट आकड्यांसह परत विचाराल.

आधी घाबरणं थांबवा. पोस्टफिक्सच्या रांगेसाठी (पोचायचे बाकी मेल जिथे थांबतात तिथे) जागा कमी पडली की तो नवीन मेल ४५२ हा कोड देऊन तात्पुरता नाकारतो. पाठवणाऱ्याचा सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करत राहतो. समोरही पोस्टफिक्स असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस. म्हणजे डिस्क भरली त्या क्षणी मेल हरवत नाहीत. एखाद्याचा कोटा (त्याच्या मेलबॉक्सला दिलेली कमाल जागा) भरणं ही मात्र वेगळी गोष्ट. डव्हकॉटचं मूळ सेटिंग तिथे मेल कायमचा परत पाठवतं आणि ग्राहकाच्या हाती 'मेलबॉक्स भरला आहे' हा निरोप पडतो. डिस्क वाचवायची म्हणून घाईघाईने सगळ्यांना कडक कोटे लावलेत, तर हे आगीतून फुफाट्यात जाणं होईल.

आज रात्रीपुरती जागा हवी असेल तर एक सोपी युक्ती आहे. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम मुळात पाच टक्के जागा रूटसाठी (सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवते. ५०० जीबीवर ती २५ जीबी होते. मेलचं पार्टिशन वेगळं असेल तर ट्यून२एफएस या कमांडने ही राखीव जागा एक टक्क्यावर आणा. २० जीबी हातात येतात, तेही सर्व्हर बंद न करता. सगळं एकाच रूट पार्टिशनवर असेल तर मात्र याला हात लावू नका.

आणि डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) एकदा आयनोडसाठीही, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदींसाठीही, चालवून बघा. मेलडिरमध्ये प्रत्येक मेलची एक फाइल असते आणि ईएक्सटी४ साधारण दर १६ केबीमागे एकच आयनोड ठेवते. ज्यांच्याकडे मशीनचे बारीक बारीक अलर्ट दिवसाला हजारोंनी येतात, त्यांचे आयनोड संपतात आणि जीबी उरतात. एरर मात्र तीच येते, 'डिव्हाइसवर जागा नाही'. तो माणूस मग डीएफ बघत डोकं खाजवत बसतो.

आता जागा जाते कुठे? डीयू या जागा मोजणाऱ्या कमांडने प्रत्येक मेलबॉक्स, आणि त्यातला प्रत्येक फोल्डर, आकारानुसार लावा. १८ जणांची सरासरी २६ जीबीच्या आसपास निघेल, पण सरासरी इथे काहीच सांगत नाही. मी जिथे जिथे हे केलंय तिथे दोन-चार मेलबॉक्सनीच निम्मी डिस्क खाल्लेली असते, आणि त्यांत इनबॉक्सपेक्षा सेंट आणि ट्रॅश मोठे असतात. लोक इनबॉक्स साफ करतात. सेंटकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

एक हिशेब करून दाखवतो. ग्राहकाने १२ एमबीचं एक ड्रॉइंग सेल्सला पाठवलं. मेलमधून जाताना अटॅचमेंट बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, बदलते, ओळींचे तुकडे धरून ती साधारण ३७ टक्क्यांनी फुगते, म्हणजे १२ चे झाले १६.४ एमबी. सेल्सने ते डिझाइनला फॉरवर्ड केलं: सेल्सचा इनबॉक्स, सेल्सचा सेंट, डिझाइनचा इनबॉक्स, झाल्या तीन प्रती. डिझाइनने प्रॉडक्शनला पाठवलं, पाच. प्रॉडक्शनने परचेसला, सात. ११५ एमबी, एका ड्रॉइंगचे. शिवाय त्या ड्रॉइंगच्या चार सुधारित आवृत्त्या येणारच. यावर उपाय अर्काइव्हचा नाहीच, सवयीचा आहे: सामाईक फोल्डरमध्ये फाइल ठेवा, मेलमध्ये लिंक पाठवा. नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून मेलच्या आकाराची मर्यादा हे तुमचं खरं हत्यार. पोस्टफिक्समध्ये ती मुळात सुमारे १० एमबी असते, आणि ती फुगलेल्या आकाराला लागते, म्हणजे प्रत्यक्षात सात-साडेसात एमबीची फाइल. अनेक ठिकाणी कोणीतरी कधीतरी ती ५० एमबी करून ठेवलेली असते आणि का केली ते कोणालाच आठवत नसतं. तुमची बघा.

हे झालं की ट्रॅश आणि जंक. इथे माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. सुरुवातीच्या काळात मी एका ऑफिसात क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) साधी स्क्रिप्ट लावली होती: ट्रॅशमधल्या ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइल फाइंडने शोध आणि उडव. दिसायला निर्दोष. एका संध्याकाळी अकाउंट्समधल्या बाईंचा माउस घसरला आणि चार वर्षांपूर्वीचा अख्खा फोल्डर ट्रॅशमध्ये गेला. सकाळी त्या शांतपणे म्हणाल्या, "काही नाही हो, ट्रॅशमधून परत घेते." ट्रॅश रिकामा. मेलडिरमध्ये फाइलची एमटाइम (फाइलवर नोंदलेली वेळ) ही मेल आल्याची तारीख असते, आणि फोल्डर बदलला तरी ती तीच राहते. स्क्रिप्टच्या दृष्टीने ते मेल चार वर्षं जुने होते, ट्रॅशमध्ये येऊन आठ तास झाले होते याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. त्या रात्रीचा बॅकअप योगायोगाने स्क्रिप्टच्या दोन तास आधी चालला होता म्हणून मी वाचलो.

तेव्हापासून नियम असा: डव्हकॉटच्या मेलना डव्हकॉटच्या हातानेच हात लावायचा. डव्हॲडम या डव्हकॉटच्याच कमांडमध्ये 'बिफोर' आणि 'सेव्ह्डबिफोर' असे दोन निकष आहेत. पहिला मेल कधी आला ते बघतो, दुसरा त्या फोल्डरमध्ये कधी ठेवला गेला ते. ट्रॅशसाठी नेहमी दुसरा. किंवा फोल्डरच्या सेटिंगमध्येच ऑटोएक्सपंज (जुने मेल आपोआप उडवणारं सेटिंग) ३० दिवसांवर ठेवा, तोही ठेवल्याचीच तारीख बघतो. मेल नुकतेच दुसऱ्या डिस्कवर कॉपी केले असतील तर सगळे आजच ठेवल्यासारखे दिसतील आणि महिनाभर काहीच साफ होणार नाही. ते चालेल, त्यात नुकसान नाही. कॉपी मात्र आरसिंक या कॉपीच्या कमांडने, तारखा जपणारा पर्याय देऊन करा. तारखा न जपता साध्या सीपी कमांडने उचललेत तर दहा वर्षांचे मेल आज आल्यासारखे दिसतात आणि मग फोन थांबत नाहीत.

(हे वाचणाऱ्या कोणाकडे मेलडिरऐवजी एमडीबॉक्स (अनेक मेल एका फाइलमध्ये ठेवणारी पद्धत) असेल, तर डिलीट करूनही डीएफ हलत नाही म्हणून गोंधळू नका. तिथे डव्हॲडमचं पर्ज चालवल्याशिवाय जागा सुटत नाही.)

आता पीएसटी. साहेबांना ती स्वस्त वाटते, कारण खर्च दिसत नाही. पीएसटी म्हणजे एका माणसाच्या एका मशीनवर पडलेली एकच मोठी फाइल. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत ती २ जीबीला अडायची, २०१० पासून ५० जीबीपर्यंत जाते, आणि तेवढी मोठी फाइल एकदा बिघडली की दुरुस्तीचं टूल जे परत देईल ते गोड मानून घ्यायचं. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून पीएसटी उघडून रोज वापरणं मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही, त्यामुळे 'फाइल सर्व्हरवर ठेवू' हाही मार्ग बंद. माझ्या माहितीतल्या एका कंपनीत माणूस नोकरी सोडून गेला, त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करून नवीन मुलाला दिला, आणि पीएसटी डी ड्राइव्हवर होती. तीन वर्षांपूर्वी कोणता दर मान्य केला होता यावरून ग्राहकाशी वाद झाला तेव्हा मेल फक्त ग्राहकाकडे होता. साहेबांना हेच ऐकवा, तांत्रिक बाजू सांगत बसू नका.

त्याऐवजी काय? 'अर्काइव्ह' हा शब्द लोक दोन अर्थांनी वापरतात आणि तिथेच घोळ होतो. एक म्हणजे जुने मेल बाजूला सारणं. दुसरं म्हणजे आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत, वापरणाऱ्याने काहीही डिलीट केलं तरी, वेगळी जपणं. तुम्हाला आज पहिलं हवंय. दुसरं साहेबांना हवंय, फक्त त्यांना ते अजून माहीत नाही.

पहिल्यासाठी डव्हकॉटमध्ये दुसरी नेमस्पेस (मेल फोल्डरांचा वेगळा गट) बनवा आणि तिची जागा नवीन, मोठ्या, संथ हार्ड डिस्कवर द्या. चालू मेल जुन्या जलद डिस्कवरच राहू द्या. प्रत्येकाला आउटलुकमध्ये 'अर्काइव्ह' नावाचं एक वेगळं झाड दिसेल, शोधता येईल, मेल कोणाच्या लॅपटॉपवर जाणार नाहीत. महिन्यातून एकदा दोन वर्षांपूर्वीचे मेल डव्हॲडमच्या मूव्हने तिकडे हलवा. इथे मात्र 'बिफोर' हाच निकष बरोबर, कारण मेलचं वय हवंय. एक खड्डा सांगून ठेवतो: फोल्डर बदलला की मेलला नवीन यूआयडी (ओळख क्रमांक) मिळतो, त्यामुळे ज्यांच्या आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये सगळे फोल्डर ऑफलाइन ठेवलेले आहेत ते सगळं नव्याने उतरवायला लागतात. १८ मशीन एकाच सकाळी. आधी अर्काइव्ह फोल्डर ऑफलाइनमधून वगळा, मग रात्री एकेका वर्षाचे मेल हलवा. नव्या डिस्कवर कॉम्प्रेशनही चालू करा. जेपीजी, पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात म्हणून उपयोग नाही असं लोक म्हणतात, पण बेस६४ ने फुगवलेला भाग तरी बराचसा परत मिळतो.

दुसऱ्या प्रकारासाठी पोस्टफिक्समध्ये 'ऑलवेज बीसीसी' आहे: प्रत्येक मेलची प्रत एका अर्काइव्ह खात्यात. दोन ओळींचं काम, पण त्याचे दोन दात आहेत. अर्काइव्ह खात्याने मेल नाकारला तर पोस्टफिक्स २.३ पासून त्याचा निरोप मूळ पाठवणाऱ्याला सहसा जात नाही. म्हणजे तुमचं अर्काइव्ह भरलं की प्रती गुपचूप गळतात आणि कोणाला कळतही नाही. म्हणून त्या खात्याला कोटा नको आणि त्याच्या डिस्कवर लक्ष हवं. दुसरं, मध्ये व्हायरस-स्पॅम तपासणारं फिल्टर असेल तर मेल पोस्टफिक्समधून दोनदा जातो आणि प्रतीही दोन पडतात. फिल्टरच्या एका बाजूला पत्ता बदलण्याची प्रक्रिया बंद ठेवावी लागते. शोध, मुदत वगैरे नीट हवं असेल तर पायलरसारखं तयार सॉफ्टवेअर बघा. आणि हे चालू करण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यांना लेखी कळवा. चोरून ठेवलेलं अर्काइव्ह पुढे तुमच्याच गळ्यात येतं. किती वर्षं ठेवायचं हा प्रश्न सर्व्हरवाल्याचा नाही. तो अकाउंटंट आणि वकिलाला विचारा, उत्तर कागदावर घ्या, आणि एखादा वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत त्यातल्या माणसांचं ऑटोएक्सपंज बंद करा.

बॅकअपबद्दल तुम्ही लिहिलंय की 'रेड आहे, शिवाय रोज आरसिंक होतो'. रेड (तोच मजकूर दोन डिस्कवर ठेवणं) एक डिस्क मेली तर वाचवतं, चुकून डिलीट झालेलं दोन्ही डिस्कवरून एकदमच जातं. आरसिंकला मेलडिरमध्ये एक वेगळाच त्रास होतो: मेल वाचला की फाइलच्या नावाच्या शेवटी 'एस' लागतो, नाव बदललं, आणि आरसिंक ती नवीन फाइल समजून पुन्हा कॉपी करतो. सोमवारी सकाळी सगळ्यांनी मेल वाचले की बॅकअप उगाच तासभर जास्त चालतो तो यामुळे. बोर्ग किंवा रेस्टिक ही बॅकअपची सॉफ्टवेअर मजकुरावरून ओळखतात, नाव बदललं तरी तो मजकूर दुसऱ्यांदा साठवत नाहीत, आणि मागच्या तारखांच्या प्रतीही ठेवतात. आरसिंकमध्ये तुम्ही डिलीटचा पर्याय दिला असेल, तर आज उडालेला मेल उद्या बॅकअपमधूनही उडतो. तो आहे का, हे आजच बघा.

म्हणून डिस्कची ऑर्डर दोन दिवस थांबवा. राखीव जागा कमी करून श्वास घ्या, बॅकअपमधून कोणाचाही एक फोल्डर दुसऱ्या जागी उतरवून तो उघडतोय का बघा, आणि मगच ट्रॅशला हात लावा. डीयूचे आकडे आले की सेंट, ट्रॅश आणि दोन वर्षांपूर्वीचं किती ते वेगवेगळं कळवा. अर्काइव्हची डिस्क केवढी घ्यायची ते त्यावरून सांगतो.