वेट ट्रेनिंगसोबत कार्डिओ म्हणून पोहणं चालेल का?

नक्की चालेल, आणि धावण्यापेक्षा गुडघ्यांना कितीतरी सोपं. फक्त खांदे सांभाळा. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं राहून एकेक हात मारत पोहताना, बराचसा जोर खांद्यांवर आणि पाठीवर येतो, त्यामुळे बेंच प्रेस (आडवं होऊन छातीवरून वजन वर ढकलणं) किंवा शोल्डर प्रेसच्या (खांद्यांपासून डोक्यावर वजन ढकलण्याच्या) दिवशी लांब पोहू नका. एकाच दिवशी दोन्ही करायचंच असेल तर आधी वजनं, मग पाणी. दमलेल्या खांद्यांनी डोक्यावर बार उचलणं मला धोक्याचं वाटतं. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा थोडे कमीच पडतात, म्हणून घड्याळातल्या आकड्यापेक्षा दम किती लागतोय ते बघा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे ५० मिनिटांचे तीन दिवस. काठाला धरून मारलेल्या गप्पा त्यात धरू नका! पोहणं आवडलं तरी वजनं सोडू नका, हाडांना भार त्यांतूनच मिळतो.