लहानपण वाईट गेलेली मुलं पुढे गुन्हेगारच होतात का?

नाही. धोका वाढतो, पण वाट चुकलेली बहुतेक पोरंही वयाबरोबर गुन्हे करायचं थांबवतात. पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या, म्हणजे कोयता गँगच्या, बातम्या वाचून ‘अशा घरातली पोरं’ गुन्हेगारच होणार असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लिहितोय. आमचं घर तसलंच होतं.

पुण्यातली जनता वसाहत. वडील दारूत गेले, आई सदाशिव पेठेत धुणीभांडी करायची. धाकट्या भावाने नववीत शाळा सोडली, टोळक्यात बसायला लागला आणि सोळाव्या वर्षी मारामारीत सापडला. मग येरवड्याला निरीक्षणगृह, बाल न्याय मंडळ, तारखा. दर तारखेला आईचा खाडा आणि पगारात कपात. तो सुटून घरी आला त्याच दिवशी मामा म्हणाला, “ताई, ह्याला गावी धाड. बापाचंच रक्त आहे.” आई गप्प बसली. मी नाही बसलो, आणि तेव्हापासून मामाशी माझं पटलेलं नाही.

नाना पेठेतल्या एका गॅरेजवाल्याने सगळं माहीत असून त्याला कामावर ठेवलं. सकाळी जायचा तो रात्रीच यायचा, कट्ट्यावर बसायला वेळच उरेना. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. त्या टोळक्यातले जे अजून आत-बाहेर करतात, त्यांची घरं आमच्यापेक्षा बरी होती. त्यांचं कुठलं रक्त?

अमेरिकेत सुधारगृहांत ठेवलेल्या बॉस्टनच्या ५०० मुलांचा ग्लूक या संशोधक दांपत्याने अभ्यास केला होता. लॉब आणि सॅम्पसन या संशोधकांनी पुढे त्यांचा सत्तरीपर्यंत माग काढला. जवळपास सगळेच कधी ना कधी गुन्हे करायचे थांबले. कोण केव्हा थांबेल हे लहानपणावरून सांगता येईना. टिकाऊ नोकरी, चांगला संसार, लष्करातली भरती यांनी गाडी वळली. आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही पोरगं बदलू शकतं हेच धरून चालतो. प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी अल्पवयीन असतानाची नोंद उघड करायची नाही, असं कलम ७४ सांगतं. नोकरीच्या वेळी कुणी घाबरवलं तर हे कलम दाखवा.

हां, अगदी लहान वयापासून हिंसक असलेली थोडी पोरं पुढेही तशीच राहतात, मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी ते १९९३ मध्येच मांडलंय. आणि बॉस्टनची ती सगळी गोरी मुलं होती, मुलींचं काय ते त्यातून कळत नाही.

पण तुमच्या घरात असं पोरगं असेल तर त्याला गावी धाडू नका. ओळखीत गॅरेज, वर्कशॉप, दुकान शोधा, आणि रक्ताची भाषा करणाऱ्या नातेवाईकाला पोरासमोरच गप्प करा.