सध्या वजिराला घरीच बसू द्या

2025 चा बुद्धिबळ विश्वचषक आपल्या गोव्यात झाला, तो पाहून पट आणलात, छान केलंत! चाळिशीत शिकायला उशीर झाला असं मुळीच समजू नका. माझ्या फोंड्याच्या वर्गात आजोबा आणि नातू एकाच पटावर बसतात.

नव्या खेळाडूची पहिली चूक ठरलेली: दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर, चार चालींत मात करायची घाई. समोरचा खेळाडू घोडा काढून प्यादं राखतो, दुसरं प्यादं सरकवून वजिराला हुसकावतो. तुमचा वजीर पळत राहतो, समोरच्याची फौज मात्र बाहेर येते.

म्हणून आत्ता एवढंच:

- मधली घरं प्याद्यांनी धरा, घोडे-उंट काढा, लवकर किल्लेकोट करा (एकाच चालीत राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येतो).
- चालीआधी हात मांडीवर. समोरच्याने ही चाल का केली? माझं काही फुकट जातंय का? हे पाहूनच सोंगटीला हात लावा. निम्मे डाव इथेच वाचतात.
- राजा आणि हत्तीने एकट्या राजाला मात करायला शिका.

ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचं, पाठांतर नंतर. मोबाईलवरचे एकेक मिनिटाचे डावही नकोत, पंधरा मिनिटांचा एकच खेळा आणि चाली वहीत लिहा. पुढच्या वेळी वही आणा, हरलेला डाव आधी मांडू.